दान पडल्यानंतर

माणसाने आपल्या हातून होईल ते सगळं करावं आणि मग आभाळाच्या हुकमाची वाट पाहावी, अशा अर्थाची एक चिनी अक्षरांतली म्हण कोरियात घरोघर माहीत आहे. आपल्या ‘प्रयत्नांती परमेश्वर’ची ती सख्खी बहीणच म्हणायची. दोन्हींत क्रम ठरलेला आहे: आधी यत्न, मग दैव. माणसाने नांगरायचं, पेरायचं, अभ्यास करायचा, औषध द्यायचं. निकाल वरून येणार. गंमत अशी की ही म्हण मनापासून मानणारी माणसं चांद्र नववर्षाच्या दिवशी, म्हणजे सॉल्लालला, पूर्वजांचं पूजन आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार उरकले की चटई अंथरून जो खेळ मांडतात, त्यात हा क्रम बरोबर उलटा आहे. या युन्नोरीत आधी आभाळ बोलतं. चार काठ्या पडतात, दान ठरतं, आणि त्यानंतर माणसाने काय करायचं ते करायचं असतं. माझं म्हणणं असं की दैव आणि पुरुषार्थ यांच्या जुन्या वादात हा उलटा क्रम म्हणीतल्या क्रमापेक्षा जास्त खरा आहे. हा खेळ ज्यांनी विश्वाचा नकाशा म्हणून वाचला आणि ज्यांनी भविष्य सांगायला वापरला, त्या दोघांच्या हातून त्यातली हीच गोष्ट निसटली.

खेळ सांगायला सोपा आहे. वीतभर लांबीच्या चार काठ्या, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने गोल. एक सपाट बाजू वर आली तर ‘दो’, सोंगटी, म्हणजे घोडा, एक घर पुढे. दोन आल्या तर ‘गे’, दोन घरं. तीन आल्या तर ‘गॉल’, तीन घरं. चारही सपाट वर पडल्या तर ‘युत’, चार. आणि चारही पालथ्या, म्हणजे गोल पाठी वर, तर ‘मो’, पाच. ही नावं अनुक्रमे डुक्कर, कुत्रा, मेंढी, बैल आणि घोडा यांच्याशी जोडतात. युत किंवा मो पडला की पुन्हा टाकायला मिळतं, आणि प्रतिपक्षाचा घोडा मारला तरीही. पटावर २९ घरं: कडेने २० आणि आतल्या दोन तिरप्या रेषांवर मिळून ९. प्रत्येक पक्षाचे चार घोडे एका कोपऱ्यातून निघून त्याच कोपऱ्यात परततात आणि बाहेर पडतात. कोपऱ्याच्या घरावर नेमका मुक्काम पडला तर आतली जवळची वाट मिळते, नाहीतर लांबून वळसा. काठ्यांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. सपाट आणि गोल बाजू पडण्याची शक्यता समसमान धरली तर १६ पैकी ४ वेळा दो, ६ वेळा गे, ४ वेळा गॉल, आणि युत व मो एकेकदाच. पण काठीचा छेद नेमका अर्धवर्तुळ नसतो. सपाट बाजू वर पडण्याकडे तिचा थोडा कल असू शकतो. तो कल शंभरात साठ इतका धरून गणित मांडलं तर दो सुमारे १५, गे आणि गॉल प्रत्येकी सुमारे ३५, युत १३ आणि मो जेमतेम अडीच टक्के येतो. म्हणजे कोणती काठी कशी पडेल हे कुणालाच सांगता येत नाही, पण कोणतं दान वरचेवर पडतं हे मुरलेल्या खेळाडूला कागदावर न मांडताही ठाऊक असतं. दैव आंधळं असलं तरी अगदीच बेहिशेबी नाही, ही समज इथे हाताला लागते.

आता पटावरचा एक प्रसंग जवळून पाहू. आपला एक घोडा पटाच्या मधल्या घरात आहे. तिथून सुरुवातीचा कोपरा तीन घरांवर. आपलाच दुसरा घोडा आतल्या तिरप्या वाटेवर, मधल्या घराच्या दोन घरं मागे. आणि त्याच्याही एक घर मागे, पहिल्या वळणाच्या कोपऱ्यावर, समोरच्यांचा घोडा उभा. आपल्याला पडलं गे, दोनाचं अगदी साधं दान. मधला घोडा दोन घरं पुढे काढला तर समोरच्याच्या एका दानात तो सापडत नाही. कारण मध्यात नेमकं थांबल्याशिवाय त्याला आपल्या वाटेवर वळताच येत नाही. पण मागचा घोडा त्याच्या तोंडाशी राहतो, फक्त एका दोच्या अंतरावर. नाहीतर मागचा घोडा दोन घरं चालवून मध्यात पहिल्याच्या पाठीवर बसवायचा. युन्नोरीत एकाच घरातले आपले घोडे एकमेकांना पाठीवर घेऊन एकाच दानात चालतात. चाल दुप्पट होते. पण मारले गेले तर दोन्ही एकदम आरंभाला जातात, आणि आता ते समोरच्यापासून तीन घरांवर आहेत, म्हणजे गॉलच्या टप्प्यात. वरच्या हिशेबाने पहिल्या वाटेत एक घोडा गमावण्याचा धोका शंभरात पंधराच्या आसपास, दुसऱ्या वाटेत दोन्ही गमावण्याचा पस्तीसच्या आसपास. तर मग पहिली वाट शहाणपणाची? तेही सांगता येत नाही. समोरच्यांचे तीन घोडे आधीच बाहेर पडले असतील तर सावध खेळणारा सावधपणेच हरेल, आणि मग दुसरी वाटच बरी. दान एकच, तेही अगदी रोजचं. त्यातून दोन डाव निघतात, आणि कोणता निघेल हे काठ्यांनी ठरवलेलं नाही.

याहून महत्त्वाची बाब पुढे आहे. दान चांगलं की वाईट, हे दानावर लिहिलेलं नसतं. दो हे सगळ्यांत हलकं दान. पण वरच्या प्रसंगात आपण पहिली वाट धरली असेल, तर समोरचा खेळाडू मनात दोचाच धावा करत असतो. त्याने आपला घोडा मरतो आणि वर त्याला आणखी एक टाक मिळते. त्याच क्षणी मो पडला तर तो पाच घरं पुढे जाईल खरा, पण शिकार हुकेल. अलीकडच्या खेळात एका काठीवर खूण करतात. नेमकी तीच एकटी सपाट पडली तर घोडा एक घर मागे जातो. ऐकायला हा दंडच आहे. पण पहिल्याच घरावर उभा असलेला घोडा एक पाऊल मागे आला की आरंभाच्या कोपऱ्यावर येतो, आणि तो कोपरा म्हणजेच शेवटचाही कोपरा. अनेक कुटुंबांत हा घोडा जवळजवळ सगळी फेरी पूर्ण केलेला धरतात. म्हणजे मघाशी मी म्हटलं की आधी दान, मग निवड; ते अर्धंच झालं. दानाला मोल येतं ते आधीच्या निवडींनी घोडे जिथे उभे केले त्या जागांवरून. सुदैव आणि दुर्दैव या वस्तू आभाळातून तयार होऊन पडत नाहीत. पडते ती नुसती संख्या.

हे किती वेगळं आहे ते कळायला कोरियातलाच दुसरा एक पट शेजारी ठेवावा. जोसन राजवटीच्या काळातल्या यांगबान, म्हणजे सरदार-विद्वानांच्या घरांत ‘सुंगग्यॉन्गदो’ नावाचा खेळ चालायचा; त्याच्या निर्मितीचं श्रेय परंपरा हा र्युन या त्या राजवटीच्या सुरुवातीच्या काळातल्या मंत्र्याला देते. पटाच्या चौकटींत सरकारी हुद्दे, खालपासून वरपर्यंत. पाच कडांची काठी लोटायची, आणि जो आकडा येईल त्याप्रमाणे बढती, बदली, बडतर्फी. थेट विषाचा पेला पिण्याच्या शिक्षेपर्यंत. मुलांना हुद्द्यांची उतरंड पाठ व्हावी हा त्याचा उपयोग. बौद्ध मठांत याच जातीचा एक पट होता, त्यात हुद्द्यांच्या जागी बुद्धत्वाकडे जाणाऱ्या पायऱ्या. आणि मराठी वाचकाला हे ऐकून लगेच आठवेल तो मोक्षपट, जो परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो: सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, वर मोक्ष. हे सगळे पट नीती शिकवायला काढलेले आहेत आणि नेमकी तिथेच त्यांची अडचण होते. त्यांत खेळणाऱ्याला काही ठरवायचंच नसतं. दयेच्या शिडीवर तो चढतो ते दया केली म्हणून नाही, कवड्या तशा पडल्या म्हणून. यावर परंपरेकडे उत्तर आहे, आणि ते मला पोकळ वाटत नाही: पडलेलं दान हेच पूर्वकर्माचं फळ, तेव्हा शिडीही कमावलेलीच. पण हे उत्तर मान्य केलं तरी या जन्मीचा खेळाडू फक्त साक्षी उरतो. मोक्षपट कर्माचा सिद्धांत दाखवतो, कर्म करू देत नाही. ज्या युन्नोरीला कुणी नीतीचा पाठ म्हणून मांडलं नाही, दया-क्रोध असली अक्षरं ज्याच्या पटावर कुठे नाहीत, त्यात मात्र करायला काही आहे.

विद्वानांनी या पटाला अर्थ दिला नाही असं नाही. जरा जास्तच दिला. सोळाव्या शतकातल्या किम मुन-प्यो या सोंगदोच्या विद्वानाने पटावर एक टिपण लिहिलं. जुने पट चौकोनी नसून गोल असत. त्याच्या वाचनात बाहेरचा गोल म्हणजे आकाश, आतला चौकोन म्हणजे पृथ्वी, मधलं घर म्हणजे ध्रुवतारा आणि भोवतालची २८ घरं म्हणजे चिनी ज्योतिषातले चंद्राचे २८ मुक्काम. आपली नक्षत्रं २७, अभिजित धरला तर २८. या दोन मालिकांचं एकमेकींशी नातं काय यावर जुना वाद आहे, पण कल्पना एकाच जातीची. किमने घोड्याच्या चार वाटाही सूर्याच्या गतीशी लावल्या: सगळ्यांत आखूड वाट म्हणजे हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस, सगळ्यांत लांब म्हणजे उन्हाळ्यातला सर्वांत मोठा, आणि मधल्या दोन म्हणजे वसंत आणि शरद संपात. घरं मोजून पाहिली तर हे चकित करण्याइतकं जुळतं. आखूड वाट ११ घरांची, लांब २० घरांची, आणि मधल्या दोन्ही वाटा बरोबर १६ घरांच्या. संपाताच्या दोन दिवसांसारख्या समान. हे वाचन सुंदर आहे यात शंका नाही. पण सूर्याला हिवाळ्यात लांबची वाट धरता येत नाही आणि उन्हाळ्यात जवळची. तो कोणत्या वाटेने जाईल हे ठरलेलं असतं. म्हणून तर पंचांग छापता येतं. घोड्याचं तसं नाही. बरेच जण कोपऱ्यावर थांबलेल्या घोड्याला आत वळायलाच लावतात, तेव्हा तिथे निवड नाही असं कुणी म्हणेल; पण कोणता घोडा त्या कोपऱ्यावर न्यायचा आणि कोणता मागे ठेवायचा, ही निवड उरतेच. पट विश्वाचा नकाशा मानला की घोडे ग्रह होतात, आणि ग्रहांना पश्चात्ताप नसतो.

पहिला खरा आक्षेप इथूनच उभा राहतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातला स्ट्युअर्ट क्युलिन याने १८९५ साली कोरियन खेळांवर मोठा ग्रंथ काढला. त्याच्या मते कोरियातल्या या काठ्या जगातल्या बऱ्याच खेळांच्या मुळाशी आहेत, आपल्या पच्चिसी-चौपटीचं घराणंही तेच, आणि खेळांचा उगम शकुन पाहण्यात आहे. हे खरं असेल, तर मी ज्याला निवड म्हणतो ती मूळ विधीवर मागून चढलेली करमणूक ठरते. मूळ गाभा दैवाला कौल लावण्याचाच. कोरियन पुरावाही या बाजूचा दिसतो. अठराव्या शतकातल्या यू दुक-गोंगने राजधानीच्या चालीरीतींच्या नोंदी केल्या, त्यांत वर्षारंभी युतच्या काठ्यांनी वर्षफल पाहण्याची रीत आहे. १८४९ साली हाँग सॉक-मोने लिहिलेल्या वर्षभराच्या सणांच्या ग्रंथातही तिची नोंद आहे. काठ्या तीनदा टाकायच्या आणि तिन्ही दानांचा मेळ यादीत शोधायचा. असे मेळ ६४, ‘यी चिंग’ या चिनी शकुनग्रंथातल्या आकृत्यांइतके. पण दानं पाच असताना मेळ चौसष्ट कसे? युत आणि मो एकच धरून. चार गुणिले चार गुणिले चार. खेळणाऱ्याच्या दृष्टीने चार घरं आणि पाच घरं यांत जीव वाचण्या-जाण्याचा फरक असतो. शकुन पाहणाऱ्याने तो पुसून टाकला, कारण त्याला चौसष्टचा पवित्र आकडा गाठायचा होता. विधीतून खेळ निघाला की खेळावर विधी बसवला, याचा निकाल एवढ्यावरून लागत नाही. पण इथे तरी आकडा बाहेरून आणलेला दिसतो.

शिवाय या यादीतले निकाल आहेत तरी कसे, ते पाहावं. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा प्रश्न विचारून मूर्तीला पाकळ्या चिकटवतात; उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार, आणि लग्न ठरवायचं की नाही, शेत घ्यायचं की नाही, हे त्यावरून ठरतं. तो कौल म्हणजे आज्ञाच. युतच्या यादीत आज्ञा नाही. तीनदा दो पडला तर मूल मायाळू आईला भेटल्याचं चित्र. दो, दो, गे पडले तर उंदीर धान्याच्या कोठारात शिरल्याचं. दो, दो, गॉलला काळोख्या रात्री दिवा मिळाल्याचं. सगळी चित्रंच. दिवा मिळाला, ठीक; पण तो घेऊन कुठे जायचं, हे कुणी सांगत नाही. उंदराने कोठारात किती खावं, मांजर आलं तर काय करावं, तेही नाही. हे शकुनसुद्धा परिस्थिती सांगून थांबतात आणि चाल माणसावर सोडतात. पटावरच्या दानाचं काम याहून वेगळं नाही.

या बाबतीत सोळाव्या शतकातला दर्यासारंग यी सुन-शिन याची रोजनिशी मोठी बोलकी आहे. जपानी आक्रमणाच्या काळात लिहिलेल्या या रोजनिशीत तो अधूनमधून फासे टाकून शकुन पाहताना दिसतो. ते फासे म्हणजे युतच्याच काठ्या होत्या असा माझा दावा नाही. निकाल मात्र त्याच साच्यातले, एखाद्या चित्राचे. १५९४च्या सातव्या चांद्रमासात धाकटा मुलगा म्यॉन आजारी असताना पाऊस पडत होता, हा एकटा बसलेला, आणि त्याने शकुन पाहिला: राजाचं दर्शन व्हावं तसा निकाल आला, आणि पुन्हा पाहिला तर रात्री दिवा मिळावा तसा. मन थोडं हलकं झालं, असं तो लिहितो. त्याच वर्षी शरदात जांगमुनपोला जपान्यांवर केलेल्या हल्ल्याआधी त्याला धनुष्याला बाण मिळाल्याचं चित्र मिळालं आणि दुसऱ्या वेळी डोंगर न हलल्याचं. हल्ला झाला, हाती फारसं काही लागलं नाही. आक्षेप घेणारा म्हणेल, एवढा कर्तबगार माणूसही दैवाच्याच दारी उभा होता. मी नोंदी वाचतो तेव्हा मला निराळं दिसतं. मुलाच्या आजारात, दूर छावणीत बसलेल्या बापाच्या हाती करण्यासारखं काही नव्हतं. तिथे शकुनाने धीर दिला, आणि एवढंच त्याचं काम. जिथे करण्यासारखं होतं तिथे शकुनाने ते काम त्याच्या खांद्यावरून उतरवलं नाही. जहाजं बांधणं, शिस्त, टेहळणी, धान्य यांच्या नोंदींनी रोजनिशी भरलेली आहे. म्यॉन त्या आजारातून उठला, आणि तीन वर्षांनी, १५९७ साली, गावावर चालून आलेल्या जपानी सैनिकांच्या हातून मारला गेला. दिव्याचं ते चित्र त्याबद्दल काहीच सांगत नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे. हे सगळं खरं, पण एका डावात चांगल्या चालीने असा कितीसा फरक पडतो? समोरच्याला लागोपाठ दोन मो पडले की आपलं सगळं शहाणपण गुंडाळून ठेवावं लागतं. कबूल. कोरियात घरोघर चालणारा हा खेळ लहान मुलं आजोबांना हरवू शकतात म्हणूनच आवडता आहे. निव्वळ कौशल्याचा असता तर दुसऱ्या डावाला कुणी बसलं नसतं. पण माझं म्हणणं निवड जिंकून देते असं नव्हतंच. माझं म्हणणं असं की निवड हीच एक जागा आहे जिथे कुणाला शाबासकी किंवा दोष देता येतो. पटाभोवतीची माणसं हे बरोबर ओळखतात. दो पडला की हसतात, कपाळाला हात लावतात. वाद मात्र घालतात तो घोडा कुठला चालवायचा यावर. पक्षात खेळताना एकाने टाकलेल्या दानावर सगळा पक्ष मिळून चाल ठरवतो, त्यामुळे हा वाद उघड, कारणांसह, मोठ्या आवाजात होतो. निकाल कोणाच्या हाती आहे, हा एक प्रश्न. जबाबदारी कोणाची, हा दुसरा. म्हणीतल्या क्रमाने गेलं, आधी यत्न मग दैव, तर हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. हरलेला म्हणतो, मी केलं होतं सगळं, नशिबात नव्हतं. जिंकलेला म्हणतो, बघा, यत्नाचं फळ. शेवटचा शब्द दैवाकडे ठेवला की ज्याला त्याला सोयीची पळवाट सापडते. दान आधी आणि चाल नंतर असली की शेवटचा शब्द माणसाचा राहतो, तो डाव हरला तरीही.

कुणी म्हणेल की चालही आधीच ठरलेली असते: स्वभाव, संगत, मेंदूतली रसायनं. असेल. पण त्या न्यायाने काठ्यांचं पडणंही हाताच्या झटक्याने ठरलेलंच असतं, आणि तरी दोन्हींकडे पाहण्याची आपली दृष्टी वेगळी असते. काठ्यांना कुणी ‘असं का पडलात’ विचारत नाही. घोडा चालवणाऱ्याला विचारतात, आणि तो कारण देतो. कारण देता येणं आणि ते चूक ठरू शकणं, एवढ्याला मी निवड म्हणतो. त्यासाठी विश्वाच्या यंत्रात भोक पाडायची गरज नाही. जोसनच्या पंडितांना तोंडपाठ असलेल्या चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसनेही हाच धागा धरला होता. सगळंच आभाळाच्या हुकमाने होतं असं मानूनही, हा हुकूम ज्याला कळला तो पडक्या भिंतीखाली जाऊन उभा राहत नाही, असं तो शिकवतो. भिंतीखाली मेलेल्याने दैवाला बोल लावू नये. आपल्या महाभारतात उलट उदाहरण आहे. द्यूताचं बोलावणं आल्यावर युधिष्ठिर विधात्याच्या आज्ञेचा हवाला देऊन निघतो. तिथे अजून एकही फासा पडलेला नव्हता. जी गोष्ट निखळ निवडीची होती ती त्याने दैवाच्या खात्यात टाकली, आणि मग सभेत दैवाच्या खात्यातलं जे होतं त्यावर निवडीसारखी पैज लावत गेला. युतच्या काठ्यांवरही कोरियात पैशांचे डाव लागतात. म्हणून खेळ वाईट ठरत नाही, पण पैज मोठी झाली की चालीपेक्षा दानाकडेच सगळ्यांचे डोळे लागतात, हे खरं.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. पटावर दोन्ही पक्षांचे घोडे चार, आरंभ एकाच कोपऱ्यातून, काठ्या त्याच. आयुष्यात कुणी दोन घोडे घेऊन बसतो, कुणी सहा. कुणाच्या काठ्याच घासलेल्या. अशा जगात ‘दान काहीही पडो, चाल तुझी’ हे तत्त्वज्ञान गरिबाला ऐकवणं म्हणजे त्याच्या गरिबीचा दोष त्यालाच देणं. हा आक्षेप बरोबर आहे, आणि युन्नोरीतून त्याला पूर्ण उत्तर निघेल असं मला वाटत नाही. खेळ एवढंच सांगतो की मिळालेल्या दानाचं काय करावं. दानं न्यायाने वाटली जातात की नाही, हे तो सांगत नाही. मात्र एक गोष्ट त्याच्या नियमांतच आहे. चटईबाहेर काठी गेली तर बहुतेक ठिकाणी ती टाक बाद धरतात. चेस्टनटच्या दाण्याएवढ्या बारीक काठ्या वाटीत खुळखुळवून टाकतात, म्हणजे हाताची सफाई चालू नये. नशीब सगळ्यांना सारखं असावं म्हणून माणसांनीच एवढा बंदोबस्त केलेला आहे. नशीब आपोआप निष्पक्ष असतं असा भाबडा विश्वास या खेळात कुठेच नाही. पूर्वजांच्या पूजनात कोण आधी, कोण मागे, हे जन्माने ठरतं. त्याच दिवशी त्याच चटईवर सुनेची आणि सासऱ्याची काठी एकाच नियमाने मोजली जाते. तेव्हा आक्षेप घेणाऱ्याला माझं सांगणं इतकंच: आरंभ समान करण्याचं काम दैवावर टाकू नये, आणि ते काम झालेलं नाही म्हणून चालीची जबाबदारीही टाकून देऊ नये. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि दोन्ही माणसांचीच आहेत.

दक्षिण कोरियाने २०२२ साली युन्नोरीला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. अशी मान्यता देताना एरवी त्या कलेचा धारक म्हणून एखाद्या व्यक्तीला किंवा मंडळाला नेमतात. या खेळासाठी कुणालाही नेमलेलं नाही, कारण तो सगळेच खेळतात.